फाइल सांगते ते खरे कशावरून?

स्क्रूगेज हातात घेतल्यावर तुम्ही आधी काय पाहता? शून्यांक त्रुटी. उपकरणावर आंधळा विश्वास ठेवू नये, हे प्रयोगशाळेत अगदी सुरुवातीलाच शिकवले जाते. मग तोच विद्यार्थी संगणकासमोर बसला की फाइलवर इतका भोळा विश्वास का ठेवतो, हे मला कोडेच आहे.

डीबेस थ्री या जुन्या रचनेची फाइल घ्या. (नकाशांच्या माहितीत ती अजूनही भेटते.) तिच्या आरंभीच्या ३२ बाइटांत एकूण नोंदी किती आणि प्रत्येक नोंद किती लांबीची, हे लिहिलेले असते. पुढे दर रकान्यामागे ३२ बाइट व शेवटी खुणेचा एक. समजा, हजेरी क्रमांकाला ४, नावाला ३० व गुणांना ३ बाइट दिले. मथळा झाला ३२ + ९६ + १ = १२९ बाइटांचा. नोंदीच्या सुरुवातीस 'रद्द की चालू' हे सांगणारा एक बाइट असतो. म्हणून एक नोंद ३८ बाइटांची. ५०० विद्यार्थ्यांची फाइल १९,१२९ बाइटांची हवी. समाप्तीच्या खुणेचा फार तर आणखी एक.

आता प्रत होत असतानाच कोणी पेनड्राइव्ह उपटला आणि १६,३८४ बाइटच उतरले. मथळा मात्र ५०० च म्हणतो! भागाकार करून पाहा. ४२७ नोंदी पूर्ण, २९ बाइट शिल्लक. प्रोग्रॅमने ३८ मागितले, मिळाले २९. किती मिळाले हे वाचणारी आज्ञा प्रामाणिकपणे सांगते, पण ते पाहतो कोण? उरलेल्या ९ जागांवर आधीच्या नोंदीचे बाइट तसेच पडून असतात आणि गुण तर अगदी शेवटच्या तीन जागांत आहेत. म्हणजे ४२८ व्या मुलीला ४२७ व्या मुलाचे गुण! पुढे ७२ वेळा काहीच मिळत नाही, तीच नोंद पुन्हा पुन्हा उतरते. यादी बरोबर ५०० ची भरते. कोणालाही शंका येत नाही.

यापेक्षा प्रोग्रॅम बंद पडलेला बरा, असे माझे स्पष्ट मत आहे. काहीजण म्हणतात, मिळेल तेवढे वाचावे, उगीच अडून बसू नये. वाचा की! पण '४२७ नोंदी मिळाल्या, ७३ मिळाल्या नाहीत' असे ठळकपणे सांगा, त्या वेगळ्या फाइलीत उतरवा आणि मूळ फाइलीला हात लावू नका.

आपल्या प्रात्यक्षिकात धडधाकट फाइलवर उत्तर बरोबर आले की पूर्ण गुण मिळतात. शिक्षकांनी एक मोडकी फाइलही द्यावी. तोवर तुम्हीच हे करा: वरच्या १९,१२९ बाइटांच्या फाइलची प्रत काढून शेवटचे १०० बाइट छाटा. कितवी नोंद अर्धवट राहिली, हे आधी कागदावर काढा. मग तुमचा प्रोग्रॅम काय म्हणतो ते पाहा.