ताट वेगळे, तांब्या वेगळा

गेल्या पावसाळ्यात दासगावातल्या एका घरी मला बोलावले होते. सून ओटीवर एकटीच पडलेली, ताट-तांब्या वेगळा काढलेला. अंग लालभडक, त्यावर पुवाच्या बारीक पुळ्या, काही ठिकाणी एकमेकींत मिसळून गेलेल्या. ताप, हुडहुडी. "पोरांना लागंल म्हणून बाजूला ठेवलीय, सिस्टर," सासूबाई म्हणाल्या. चवदार तळ्याच्या तालुक्यात, आपल्याच घरात तांब्या वेगळा! मी आधी तिचा हात हातात घेतला, मग ताप पाहिला.

हा सोरायसिसचा घातक प्रकार, पस्ट्युलर सोरायसिस. या पुवात जंतू नसतात. तो कोणाला लागत नाही. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच बिथरून कातडीत जमतात. म्हणून नुसत्या अँटिबायोटिकने हा भडका शमत नाही. पण दुर्लक्ष केले तर रक्तात जंतुदोष होऊन किंवा हृदय, मूत्रपिंड थकून माणूस दगावतो.

भडका कशाने? कोपरावरच्या चट्ट्यांसाठी तिला कोणीतरी चिठ्ठीशिवाय गोळ्या दिल्या होत्या. गुण आला, पैसे संपले, गोळ्या बंद. त्यांत स्टिरॉइड होते. ते एकदम थांबले की असा भडका उडू शकतो. गरोदरपणात, जंतुसंसर्गानंतरही उडतो. कोणाच्या घरी अशा गोळ्या चालू असतील तर आजच फेकून देऊ नका, डॉक्टरांना दाखवून हळूहळू कमी करा.

या भडक्यासाठीच बनलेले पहिले औषध म्हणजे स्पेसोलिमॅब. अमेरिकेत 2022 मध्ये त्याला मंजुरी मिळाली. हे प्रयोगशाळेत बनवलेले प्रतिपिंड आहे. कातडीत आग पेटवणारा निरोप पेशीला जिथे मिळतो, ती जागाच ते अडवते. 900 मिलिग्रॅम, सलाइनसारखे शिरेतून, दीड तासात. आधी टीबी तपासावा लागतो, कारण जंतुसंसर्गाचा धोका असतो. 53 रुग्णांवरच्या चाचणीत औषध मिळालेल्या 35 पैकी 19 जणांच्या अंगावर आठवड्याभरात एकही पुळी दिसेना. औषध नसलेले सलाइन मिळालेल्या 18 जणांत असा एकच निघाला.

आमच्या सुनेला मुंबईच्या सरकारी दवाखान्यात सायक्लोस्पोरिनवर काढावे लागले. वाचली, पण घरात चार दिवस आधीच गेले होते.

"एवढ्या थोड्या रुग्णांसाठी एवढे महाग औषध?" असे कोणी विचारेल. रुग्ण थोडे, म्हणजे सरकारचा एकूण खर्चही थोडाच! निदान मुंबईच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत ते हाताशी असावे, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्याचे नाव लिहिलेले असावे. रमाई जयंतीच्या सभेत आपण कार्डे काढून देतो, तिथेच हा ठराव घेता येईल.

तोवर एवढे करा. अंगभर लाली, पुळ्या आणि ताप एकत्र दिसले की त्याच दिवशी महाडच्या सरकारी दवाखान्यात न्या. आधी घेतलेल्या गोळ्या, ट्यूब, पुड्या, रिकामी पाकिटेसुद्धा, पिशवीत भरून सोबत ठेवा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका.