‘दिसते ना, आजोबा?’

काटोलकडचे एक आजोबा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आमच्या वॉर्डात भरती झाले होते. सत्तरी ओलांडलेली, उभा जन्म संत्र्याच्या बागेत गेलेला. वॉर्डाची सिस्टर म्हणून त्यांचा केस पेपर मीच भरला. ‘‘दिसते ना, आजोबा?’’ ‘‘दिसते जी.’’ मी ‘दृष्टी’समोर ‘ठीक’ असं लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे वळले.

ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या रात्री आजोबा खाटेवरून उतरू लागले. सलाईनची नळी ओढली, धरायला आलेल्या मावशींना ढकललं. रात्रपाळीच्या नोंदीत ‘रुग्ण गोंधळलेला, ऐकत नाही’ असं आलं आणि त्यांचे हात पट्टीनं खाटेला बांधले गेले. सकाळी रात्रपाळीकडून ओव्हर (वॉर्डाचा ताबा) घेताना मी खाली वाकून त्यांना नावानं हाक मारली. म्हणाले, ‘‘बाई, माहा चष्मा कुठी गेला? रातभर कोन आलं, कोन गेलं, काहीच समजून नाही राह्यलं मले.’’

दवाखान्यात हरवायला नको म्हणून चष्मा मुलगा घरी घेऊन गेला होता. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू इतका पिकलेला, की खाटेशेजारी उभं राहूनही पांढरा दिसावा. भरतीच्या दिवशी मी त्याच खाटेशेजारी उभी होते. प्रश्न विचारला होता, पण डोळ्यांकडे पाहिलं नव्हतं. या गोष्टीला बरीच वर्षं झाली, मी निवृत्तही झाले, पण बांधलेले ते हात अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत.

‘दिसते का?’ ही तपासणी नाही. आपल्याकडचा माणूस सिस्टरच्या शब्दाला ‘नाही’ म्हणत नाही. त्यातून एक डोळा हळूहळू गेलेला असला, तर तो गेल्याचं त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं, कारण दुसरा डोळा सगळं निभावून नेतो. म्हणून एकेक डोळा हलक्या तळहातानं झाकून पाहायचं असतं. बोटं दाबून झाकला, तर उघडल्यावर थोडा वेळ त्याच डोळ्याला धूसर दिसतं. व्हरांड्यात सहा मीटरवर, म्हणजे साधारण वीस फुटांवर तक्ता लावायचा. अक्षरओळख नसलेल्यांसाठी ‘ई’च्या खुणांचा तक्ता असतो, खुणेचे दात कुठल्या बाजूला आहेत ते माणूस हातानं दाखवतो. तक्ता दिसत नसेल तर बोटं मोजायला सांगायची, तेही जमत नसेल तर हात हलताना दिसतो का पाहायचं, आणि शेवटी टॉर्चचा उजेड तरी कळतो का. चष्मा असेल तर तो लावून. चांगल्या सरावाच्या सिस्टरला याला पाच मिनिटं पुरतात.

पण माझं म्हणणं तक्त्यापुरतं नाही. डोळा सिस्टरला सगळ्या शरीराची खबर देतो. खालची पापणी ओढली की रक्त किती कमी आहे याचा अंदाज येतो, पांढऱ्या भागाचा पिवळेपणा कावीळ सांगतो. आपल्या विदर्भात, जिथे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, तिथे या दोन गोष्टी रोज पाहाव्या लागतात.

आणि फवारणीचे रुग्ण. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक जीव गेले. तेव्हा वर्तमानपत्रांनी ते छापलं. पण फवारणीचा रुग्ण आमच्या भागातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्याला दर हंगामात नवा नसतो. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषानं त्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली असते, तोंडाला फेस, अंगाला दरदरून घाम. त्यावरचं औषध ॲट्रोपिन सुरू झालं की सिस्टर सुरुवातीला दर दहा-पंधरा मिनिटांनी टॉर्च घेऊन त्याच्यापाशी जाते. बाहुली मोठी होते आहे का, नाडी किती, आणि सगळ्यात आधी छातीतली घरघर थांबली का. नुसत्या बाहुलीवर भिस्त ठेवून चालत नाही, हे आम्हाला वरच्या सिस्टरांनी शिकवलं. बाहुली मोठी झाल्यावर त्याच माणसाला जवळचं धूसर दिसू लागतं. तो घाबरून म्हणतो, ‘‘सिस्टर, माहे डोळे गेले.’’ तेव्हा त्याचा हात धरून सांगावं लागतं की हा औषधाचा परिणाम आहे, उतरेल. हे सांगायला कोणी नसेल तर तो अख्खी रात्र आपण आंधळे झालो असं समजून काढतो.

डोक्याला मार लागलेल्याचं वेगळं. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी १९७४ मध्ये मांडलेली शुद्धीची मोजपट्टी आज प्रत्येक अतिदक्षता विभागात आहे. तिची पहिली ओळच डोळ्यांची: आपणहून उघडतो का, हाकेला उघडतो का, दुखवल्यावर उघडतो का, की उघडतच नाही. चार ते एक गुण. डोळे सुजून मिटलेले असतील तर तिथे एक लिहायचा नसतो, सुजेमुळे तपासता आलं नाही असं लिहायचं. मग दोन्ही बाहुल्या. दोन तासांपूर्वी सारख्या असलेल्या बाहुल्यांपैकी एक मोठी झाली आणि उजेडाला आकसेना, तर मेंदूवर दाब वाढतो आहे असं धरून सिस्टरनं त्या क्षणी डॉक्टरांना बोलवायचं. आणि हे कळायला दोन तासांपूर्वीची नोंद खरी असावी लागते. आधीच्या पाळीची ओळ बघून ‘सारख्या, प्रतिसाद देतात’ असं उतरवून ठेवण्याची सवय जीव घेऊ शकते. एकदा एका नोंदीत ‘दोन्ही बाहुल्या उजेडाला आकसतात’ असं सलग तीन पाळ्या लिहिलेलं मी पाहिलं. त्या माणसाचा डावा डोळा काचेचा होता.

कधी तर टॉर्चही लागत नाही. लकव्याच्या एका बाईंचं ताट रोज अर्धं परत यायचं. भूक नाही म्हणून घरचे काळजीत. आमच्या शिकाऊ मुलीच्या लक्षात आलं की उजवीकडचं वरण-भात चाटूनपुसून संपतं आणि डावीकडची भाजी-पोळी जागची हलत नाही. तिनं ताट फिरवलं, बाईंनी उरलेलं जेवण संपवलं. त्यांची डावीकडची बाजू दिसण्यातून गेली होती. त्या दिवसापासून पाण्याचा गडवा आणि बोलवायची घंटी उजवीकडे आली.

हे सगळं अभ्यासक्रमात आहे. मग होत का नाही? वेळ नाही म्हणून. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. माझ्या नोकरीत रात्रपाळीला मी एकटीनं चाळीस खाटा सांभाळल्या आहेत. पेन टॉर्च आम्ही नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून स्वतःच्या पैशांनी आणत असू. अशा सिस्टरवर ‘नोंद खोटी लिहिली’ म्हणून बोट रोखण्याआधी रिकामी पदं भरा. प्रत्येक वॉर्डाच्या व्हरांड्यात एक तक्ता लावा आणि जमिनीवर सहा मीटरची रेघ मारा. पन्नाशीपुढच्या आणि मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाच्या भरतीच्या कागदावर दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी नोंद सक्तीची करा. आपल्या देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, गावोगाव शिबिरं होतात. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधांपैकी दोन तृतीयांश जणांचं अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचं दिसलं. हीच माणसं ताप, हर्निया, हाड मोडलं म्हणून नागपूरच्या मेडिकल-मेयो या सरकारी रुग्णालयांच्या खाटांवर येऊन जातात, पार गडचिरोली-बालाघाटहून येतात. ती समोर पडलेली असताना त्यांच्या डोळ्यांत टॉर्च टाकायचा नाही आणि मग शिबिरात त्यांना शोधत फिरायचं, हे मला पटत नाही.

आणि घरच्यांना एवढंच सांगणं आहे. तुमच्या माणसाला भरती कराल तेव्हा त्याचा चष्मा घरी नेऊ नका. दांडीवर नावाची चिकटपट्टी लावा, डबीत घालून उशाशी ठेवा. कुठल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, कुठला डोळा कमजोर आहे, थेंब कोणते चालू आहेत, हे सिस्टरला न विचारता सांगा. रात्रपाळीची सिस्टर आली की पुन्हा एकदा सांगा.