फोटोखालचं नाव

बाबांची एक पत्र्याची पेटी आमच्या अमरावतीच्या घरात माळ्यावर पडून होती. गेल्या रविवारी ती एकदाची खाली काढली. आत विम्याच्या जुन्या पावत्या, एक बंद पडलेलं घड्याळ आणि एका पाकिटात पोस्टकार्डाएवढा काळापांढरा फोटो. फोटोत खच्चून भरलेला मंडप. तिसऱ्या रांगेत बाबा खदाखदा हसताहेत, शेजारी मी.

बाबा तसे गंभीर माणूस. घरातल्या बाकी सगळ्या फोटोंत ते पासपोर्टसाठी बसल्यासारखे दिसतात. हसतानाचा फोटो हा एवढा एकच.

फोटो १९८१चा, अकोल्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनातला. अध्यक्ष होते गो. नी. दांडेकर. गोनीदांचा जन्म परतवाड्याचा, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातला. त्यामुळे बाबांच्या लेखी ते घरचंच कार्य होतं. गोनीदांची पुस्तकं कोळून प्यायलेले, पण स्वतः एकही किल्ला न चढलेले, असे हे त्यांचे भक्त! आम्ही सकाळच्या एस्टीने गेलो आणि मावशीकडे मुक्काम ठोकला. मी नऊ वर्षांचा होतो. भाषणातलं मला आज अक्षरही आठवत नाही. आठवतो तो फोटोग्राफर.

सडपातळ माणूस, खांद्याला चामड्याची बॅग, घामाने भिजलेला शर्ट. बराच वेळ स्टेजसमोर उकिडवा बसून फोटो काढत होता. मग एकदम वळला आणि स्टेजकडे पाठ करून त्याने कॅमेरा आमच्याकडे धरला. बाबांनी विचारलं, "आमचा फोटो काढून काय फायदा भाऊ?" तो म्हणाला, "स्टेजवरचे तं पेपरात येतेच ना जी. तुमाले कोन छापते?"

आजूबाजूचे सगळे हसले आणि तेवढ्यात त्याने खटका दाबला. हाच तो फोटो. दुसऱ्या दिवशी मंडपाबाहेर नंबर घालून फोटो लावले होते, त्यातून बाबांनी पैसे भरून घेतलेला.

तेव्हा हा एक विनोद वाटला होता. आता वाटतं, किती खरं बोलून गेला तो. अध्यक्षीय भाषण छापून निघतं, ठराव छापून निघतात, मानापमानाची भांडणं तर हमखास छापून येतात. पण एस्टीने येऊन, गादीवर मांडी घालून तीन दिवस ऐकणारा वाचक कुठेच छापून येत नाही. आणि संमेलन तर त्याच्या जिवावर चालतं! त्या गर्दीचा पुरावा ठेवला तो या माणसांनी.

आणि हे फुकट होत नव्हतं. त्या वेळच्या चौकोनी फोटोंच्या कॅमेऱ्यात एका रोलमध्ये जेमतेम बारा फोटो बसत. त्यातला एक गर्दीवर घालवायचा म्हणजे खिशाला खारच. मग रात्री लाल दिव्याच्या खोलीत डेव्हलपर, हायपो आणि शेवटी पाण्याखाली धुणं. या धुण्यात घाई केली की हायपो कागदात राहतो आणि फोटो काही वर्षांत पिवळा पडतो. माझ्या हातातला फोटो चाळीसहून जास्त वर्षांनंतरही स्वच्छ आहे. म्हणजे दिवसभर उन्हात राबून आलेल्या त्या माणसाने, सकाळी विकायच्या फोटोंची घाई असतानाही, तो नीट धुतला होता. नंतर १९८९ साली आमच्या अमरावतीला संमेलन झालं, अध्यक्ष के. ज. पुरोहित, म्हणजे कथाकार शांताराम. त्याचे आमच्याकडचे रंगीत फोटो मात्र आत्ताच तांबूस झालेत.

आम्हा संमेलनवेड्यांना अध्यक्षांची यादी तोंडपाठ असते. अकोल्याला आधी १९१२ साली संमेलन झालं तेव्हा अध्यक्ष ह. ना. आपटे होते, हे झोपेतून उठवून विचारा, सांगू. पण फोटो कोणी काढले? चिडीचूप. आभारप्रदर्शनात मंडपवाला येतो, लाउडस्पीकरवाला येतो, आचारी येतो. फोटोग्राफर येत नाही, कारण तो त्या वेळी आभारप्रदर्शनाचा फोटो काढत असतो! पुढे कधीतरी तोच फोटो एखाद्या स्मरणिकेत येतो आणि खाली ओळ असते, 'छायाचित्र: संग्रहातून'. आता संग्रह काही कॅमेरा धरत नाही.

अमेरिकेत विज्ञानकथेच्या चाहत्यांची पहिली जागतिक परिषद १९३९ साली न्यूयॉर्कला भरली. पुढे तिथल्या संमेलनांतून जे के क्लाइन नावाचा एक चाहता वर्षानुवर्षं फोटो काढत हिंडला, लेखकांचे आणि साध्या चाहत्यांचेही. २०१२ साली तो वारला. त्याचे हजारो फोटो आज कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या विद्यापीठात त्याच्या नावानिशी जपलेले आहेत. एवढंच करायचं असतं. आपल्याकडे ते का होऊ नये?

कोणी म्हणेल, त्यांनी पैसे घेतलेच ना? घेतले. लेखकही मानधन घेतात, म्हणून आपण पुस्तकावरचं नाव खोडतो का? कायदासुद्धा हा फरक जाणतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोची मालकी काढवून घेणाऱ्याकडे जाते. पण 'हे मी केलं' म्हणण्याचा हक्क करणाऱ्याकडेच राहतो. म्हणून मला नुसती गोडगोड कृतज्ञता नको वाटते. आभार मानायचे तर फोटोखाली नाव लिहा, बाकी शाल-श्रीफळ राहू द्या.

हे लिहायचा मला काय अधिकार, ते आता सांगतो. फोटोच्या मागे रबरी शिक्का आहे. 'स्टुडिओ' आणि 'अकोला' एवढंच वाचता येतं, मधलं सगळं पुसलं गेलंय. मावसभावाला फोन केला. त्याने तिथल्या तीन जुन्या लोकांना विचारलं आणि तिघांनी तीन नावं सांगितली. त्यातले दोन स्टुडिओ कधीच बंद झालेत. तिसऱ्या ठिकाणी मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. जुन्या निगेटिव्ह घर बदलताना टाकून दिल्या, असं म्हणाला. बाबा असते तर एका मिनिटात सांगितलं असतं. बाबा होते तेव्हा मी विचारलं नाही.

तेव्हा तुमच्या घरी असे फोटो असतील तर या रविवारी काढा, आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस शेजारी बसवा. मऊ पेन्सिलने मागे लिहा: गाव, साल, कोण कोण, आणि फोटो कोणी काढला. बॉलपेन नको, ते पुढे उमटतं. स्मरणिकेच्या समितीवर असाल तर 'संग्रहातून' छापू नका. नाव माहीत नसेल तर तसं छापा, कोणीतरी वाचून कळवेल.

मीही लिहिलं: 'अकोला, १९८१. बाबा आणि मी. फोटो:' आणि पुढे नावापुरती जागा सोडली आहे.