न झालेला सामना

गेल्या रविवारी माझा भाचा बुद्धिबळाच्या स्पर्धेत दुसरा आला. घरी येताच त्याने पट कपाटावर टाकला. म्हणाला, "मामा, दुसऱ्याला कोण विचारतं?" मग मी त्याला अकिबा रुबिनस्टाइन यांची हकीकत सांगितली.

रशियाच्या अमलाखालील पोलंडमध्ये, स्तावीस्की या लहानशा गावी 1880 साली एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षण धर्मगुरू होण्यासाठी चालले होते. बुद्धिबळाचा नाद लागला तो मिसरूड फुटण्याच्या वयात. म्हणजे तसा उशिराच! पण 1909 मध्ये सेंट पीटर्सबर्गला त्यांनी जगज्जेते लास्कर यांच्याबरोबर पहिला क्रमांक वाटून घेतला. आपसातल्या डावात तर लास्करना हरवलेच. 23व्या चालीला वजिरावजिरी झाली. पुढे उरले दोघांचे एकेक हत्ती आणि प्यादी. घाई नाही, गाजावाजा नाही. 40व्या चालीला लास्करनी हार मानली.

त्या काळी जगज्जेत्याला आव्हान द्यायचे तर बक्षिसाची रक्कम आव्हान देणाऱ्यानेच उभी करायची. 1912 या एका वर्षात रुबिनस्टाइन पाच स्पर्धांत पहिले आले (एकीत विभागून), तरी पैशाचे गाडे अडलेलेच. अखेर 1914 च्या उत्तरार्धात सामना व्हायचा होता. ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले आणि तो राहिला तो राहिलाच.

पुढे मनाच्या आजाराने त्यांना ग्रासले. माणसांची भीती वाटे. तशातही 1930 च्या हॅम्बुर्ग ऑलिंपियाडमध्ये पोलंडसाठी पहिल्या पटावर ते 17 डाव खेळले: 13 जिंकले, 4 बरोबरीत, हार एकही नाही. सुवर्णपदक पोलंडला मिळाले. नंतर लवकरच त्यांनी स्पर्धा सोडल्या. बेल्जियममध्ये पत्नीने 1954 मध्ये तिचे निधन होईपर्यंत त्यांना सांभाळले. आपल्याकडे अशा माणसाची ओळखही पाहुण्यांना करून देत नाहीत, हे इथे आठवते. 1961 मध्ये ते वारले. हत्ती-प्याद्यांचा शेवट शिकायचा तर आजही त्यांचेच डाव मांडतात.

भाचा गप्प होता. मग स्वतःच पट खाली काढून म्हणाला, "तो लास्करचा डाव दाखवा ना." वडिलांच्या सवयीने तो हत्तीला 'आने' म्हणतो. चाळिसाव्या चालीपर्यंत पोचलो, तोवर ताटातली भाकरी पार गार झाली होती.