ज्या घटनेवर त्यांनी सही केली नाही

अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १३ मे १८६२ च्या पहाटे, दक्षिण कॅरोलायना राज्यात, चार्ल्सटनच्या बंदरातून, तेवीस वर्षांच्या एका गुलामाने बंडखोर दक्षिणेच्या लष्कराची आगबोट पळवून उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली. त्याचे नाव रॉबर्ट स्मॉल्स. पुढे तो लढवय्या कप्तान झाला, दुकानदार आणि उद्योजक झाला, आणि अखेर लोकप्रतिनिधी झाला. त्याच्या देशात हे नाव निघते ते बहुतेक त्या एका पहाटेसाठी. ती पहाट विलक्षण होती यात शंका नाही. पण स्मॉल्स यांचे खरे मोठेपण त्यानंतरच्या तीन-साडेतीन दशकांत आहे असे आम्हाला वाटते, आणि तेच इथे सांगायचे आहे.

ब्यूफोर्ट गावातल्या मॅकी कुटुंबाच्या घरामागील खोपटात ५ एप्रिल १८३९ रोजी रॉबर्टचा जन्म झाला. आई लिडिया त्या घरची गुलाम. धन्याच्या घरात पोराचे थोडेफार लाड होत, त्यामुळे गुलामी म्हणजे काय हे त्याला कळायचेच नाही, अशी धास्ती तिला वाटे. म्हणून तिने मुद्दाम त्याला शेतावर राबणाऱ्यांत पाठवले आणि माणसांना फटके मारतात ती जागा दाखवली. बाराव्या वर्षी त्याला चार्ल्सटनला मजुरीवर धाडण्यात आले. हॉटेलात वाढपी, रस्त्यावरचे दिवे लावणारा, गोदीतला हमाल, मग खलाशी अशी कामे त्याने केली. मजुरी मॅकीच्या खिशात जाई, रॉबर्टच्या हाती आठवड्याला १ डॉलर. सतराव्या वर्षी त्याने हॅना जोन्सशी लग्न केले. तीही गुलाम. तिला आणि मुलीला सोडवण्यासाठी तिच्या मालकाने ८०० डॉलर मागितले. रॉबर्टजवळ १०० जमले होते. उरलेले कधी जमणार, हा हिशेब त्याला अक्षरओळख नसतानाही कळत होता.

'प्लँटर' ही मूळची कापूस वाहणारी आगबोट, युद्धात लष्कराने भाड्याने घेतलेली. सुकाणू रॉबर्टच्या हाती असे. १२ मेच्या रात्री गोरे अधिकारी नियम मोडून किनाऱ्यावर झोपायला गेले आणि कृष्णवर्णीय खलाशांनी ठरलेला बेत अमलात आणला. पहाटे तीनच्या सुमारास बोट निघाली, आधी दुसऱ्या धक्क्याला लागून बायकामुलांना घेतले, सारे मिळून १६ जण. पकडले गेलो तर बोट बुडवायची, तेही साधले नाही तर एकमेकांचे हात धरून पाण्यात उड्या टाकायच्या, असे आधीच ठरले होते. फोर्ट सम्टर किल्ल्यासमोरून जाताना रॉबर्टने कप्तानाची गवती टोपी घातली, त्याच्याच लकबीत उभा राहिला आणि शिट्टीचा बरोबर संकेत दिला. किल्ल्याने बोट जाऊ दिली. बाहेर समुद्रात उत्तरेच्या 'ऑनवर्ड' जहाजाने तोफा रोखल्या होत्या, तेव्हा हॅनाने आणलेली पांढरी चादर डोलकाठीवर चढली. बोटीवर तोफा होत्या. त्याहून मोलाची होती ती संकेतांची पुस्तिका आणि बंदरात पाणसुरुंग कुठे पेरले आहेत ही रॉबर्टच्या डोक्यातली माहिती.

बक्षिसापोटी त्याच्या वाट्याला १,५०० डॉलर आले. त्याच उन्हाळ्यात तो वॉशिंग्टनला जाऊन राष्ट्राध्यक्ष लिंकन आणि युद्धमंत्री स्टँटन यांना भेटला, आणि कृष्णवर्णीयांची फौज उभारण्याची परवानगी घेऊन परतलेल्यांत तो होता. एप्रिल १८६३ मध्ये चार्ल्सटनवरच्या हल्ल्यात 'किओकक' या चिलखती जहाजाचे सुकाणू त्याच्याकडे होते. नव्वदहून अधिक गोळे लागून ते जहाज दुसऱ्या दिवशी बुडाले. त्याच वर्षाच्या अखेरीस 'प्लँटर'वर तोफांचा मारा सुरू झाल्यावर कप्तान कोळशाच्या कोठीत जाऊन लपला. स्मॉल्स यांनी बोट सुखरूप बाहेर काढली आणि ते तिचे कप्तान झाले. पुढे निवृत्तिवेतनाचा प्रश्न आला तेव्हा ही नेमणूक रीतसर नव्हती असे त्यांना सांगण्यात आले. त्यासाठी १८९७ मध्ये अमेरिकी काँग्रेसला खास कायदा करावा लागला.

१८६४ मध्ये बोट दुरुस्तीसाठी फिलाडेल्फियात असताना त्यांनी शिक्षक ठेवून लिहायला-वाचायला सुरुवात केली. पंचविशीचा रणांगण गाजवलेला कप्तान मुळाक्षरे गिरवत होता. याच शहरात त्यांना ट्राममधून उतरावे लागले, आणि त्या अपमानाच्या चर्चेतून पुढे ट्राममधला वर्णभेद उठवण्याच्या मागणीला बळ मिळाले. युद्धानंतर ते ब्यूफोर्टला परतले. कर थकल्याने लिलावात निघालेले मॅकींचे घर, ज्याच्या मागच्या खोपटात ते जन्मले होते, ते त्यांनी विकत घेतले. जुन्या मालकाच्या बाजूने दावा लागला, तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८७८ मध्ये स्मॉल्स जिंकले. गावात भागीदारीत दुकान टाकले. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेसाठी इमारत घेतली. १८७० मध्ये चार्ल्सटनच्या धक्क्यावरून माल वाहणारी 'एंटरप्राइज रेलरोड' ही घोड्यांच्या ट्रामची कंपनी त्यांच्या सहभागातून उभी राहिली, तिचे जवळजवळ सारे संचालक मंडळ कृष्णवर्णीयांचे होते. पाच वर्षांपूर्वी ज्यांची बाजारात विक्री होत होती, ते आता कंपनीचे भाग विकत घेत होते. ब्यूफोर्टमध्ये स्मॉल्स यांनी वृत्तपत्रही काढले.

पण सर्वांत मोठे काम १८६८ च्या घटना परिषदेतले. दक्षिण कॅरोलायनात गुलामाला वाचायला शिकवणे हा १८३४ पासून गुन्हा होता. त्याच राज्याच्या नव्या घटनेत सर्व मुलांसाठी मोफत आणि सक्तीच्या शाळांची तरतूद व्हावी, असा ठराव चार वर्षांपूर्वी अक्षर गिरवायला लागलेल्या या माणसाने मांडला, आणि राज्यात सार्वजनिक शाळांची व्यवस्था उभी राहिली. महाराष्ट्राने इथे थोडे थांबावे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली, ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण करून. त्या वेळी स्मॉल्स आपल्या राज्याच्या सिनेटचे सदस्य होते. १८८२ मध्ये जोतीरावांनी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. जोतीरावही बांधकामाची कंत्राटे घेणारे व्यावसायिक आणि पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. दोघांची भेट कधी झाली नाही, पण विद्येवाचून माणसाचे काय होते हे दोघांनी आपापल्या गावात पाहिले होते आणि दोघांनीही उपाय एकच सांगितला.

१८७५ ते १८८७ या काळात स्मॉल्स पाच वेळा अमेरिकी प्रतिनिधिगृहात बसले, मधल्या काही निवडणुका हरूनही. लष्करभरतीत वर्णभेद नसावा अशी दुरुस्ती त्यांनी १८७६ मध्ये सुचवली. ती मंजूर झाली नाही. १८७७ मध्ये छपाईच्या कंत्राटात ५,००० डॉलरची लाच घेतल्याच्या आरोपावरून त्यांना शिक्षा झाली. हा डाग टाळून त्यांचे चरित्र सांगू नये. मात्र हा खटला कृष्णवर्णीयांना सत्तेवरून खाली खेचण्याच्या मोहिमेत, त्यांच्या विरोधकांच्या राजवटीत चालला. आणि १८७९ मध्ये गव्हर्नरने माफी दिली ती एका तडजोडीत, ज्यात दुसऱ्या पक्षाच्या लोकांवरचे निवडणूक गैरव्यवहाराचे खटलेही मागे घेतले गेले. न्यायापेक्षा राजकारणाचा वास आम्हाला इथे जास्त येतो.

मग आले १८९५. कृष्णवर्णीयांचे मत हिरावून घेण्याचा उद्देश उघड सांगत गोऱ्या वर्चस्ववाद्यांचे राज्यातले नेते बेन टिलमन यांनी नवी घटना परिषद भरवली. १६० प्रतिनिधींत कृष्णवर्णीय फक्त ६, त्यांपैकी एक स्मॉल्स. राज्याच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय होते. मतदारासाठी अटी ठरल्या: दोन वर्षांचे वास्तव्य, मतदारकराची पावती, वाचता-लिहिता येणे किंवा ३०० डॉलरची मालमत्ता. वाचता येते की नाही हे ठरवणार गोरा नोंदणी अधिकारी. ज्यांना साठ वर्षांपूर्वी कायद्याने अक्षर बंद केले होते, त्यांच्याच नातवंडांना आता अक्षराच्या नावाने मतपेटीपासून दूर ठेवायचे होते. छपन्न वर्षांचे स्मॉल्स उभे राहिले. टिलमन यांनी जुने लाचेचे प्रकरण उकरले, स्मॉल्स यांनी उत्तर दिले, आणि मतदानात हरले. घटनेवर सही करायला त्यांनी नकार दिला. सही नसेल तर प्रवासखर्च मिळणार नाही असा प्रश्न निघाला, तेव्हा आपण पायी घरी जाऊ, असे त्यांनी सांगितले.

त्यानंतर त्या राज्याचा एक कृष्णवर्णीय खासदार १८९७ पर्यंत टिकला. दक्षिण कॅरोलायनातून पुढचा कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये पोचला तो १९९३ मध्ये, जेम्स क्लायबर्न. शिक्षण आणि मालमत्तेच्या अटींनी मताधिकार आखडून ठेवण्याची रीत ब्रिटिश राजवटीत आपल्याकडेही होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिच्याविरुद्ध प्रौढ मताधिकारासाठी झगडले, आणि आपल्या राज्यघटनेत तशी कोणतीही अट उरली नाही. दक्षिण कॅरोलायनाचे ते शतक पाहिले म्हणजे आपल्या घटनेने काय वाचवले हे कळते.

स्मॉल्स २३ फेब्रुवारी १९१५ रोजी ब्यूफोर्टमध्ये वारले. २०२३ मध्ये अमेरिकी नौदलाने, बंडखोर दक्षिणेच्या एका विजयाचे नाव वागवणाऱ्या युद्धनौकेला त्यांचे नाव दिले. तो सन्मान योग्यच आहे, आणि तो सुकाणूवरच्या त्या पहाटेचा आहे. सही न करता परिषदेतून उठलेल्या माणसाची आठवण शिक्षकांनी ठेवायला हवी. 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका वर्गात शिकवणाऱ्या महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिक्षकाला आमची विनंती आहे: त्या दिवशी मुलांना रॉबर्ट स्मॉल्स यांच्या १८६८ च्या शाळांबद्दल आणि १८९५ च्या नकाराबद्दलही सांगा.