गुडघ्यातली गादी

मोर्शी-वरूडकडच्या बागांत संत्र्याच्या तोडीला शिडीवरून पाय सरकतो, पंजा जमिनीत रुततो आणि गुडघा पिळवटतो. ‘मुरगळला’ म्हणून घरोघरी तेल चोळले जाते. सूज उतरते, पण पुढे सजद्यातून उठताना गुडघा अडकतो, जिना उतरताना दगा देतो. अशा वेळी आतली गादी फाटलेली असू शकते.

मांडीचे हाड आणि नडगी यांच्यामध्ये चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या असतात. डॉक्टर त्यांना मेनिस्कस म्हणतात. अंगाचा भार त्या झेलतात. बाहेरच्या कडेला रक्त पोहोचते, म्हणून तिथली चीर शिवली तर भरून येऊ शकते. आतल्या भागात सहसा भरत नाही. पूर्वी फाटलेली गादी सर्रास काढून टाकत. तेवढ्यापुरता आराम पडे, पण काही वर्षांनी सांधा झिजे. म्हणून आम्ही सांगतो, एमआरआयसाठी अमरावतीला जावे लागले तरी जा आणि ऑपरेशनआधी विचारा: ‘शिवता येईल का? काढायचीच तर कमीत कमी किती?’

गादी निघून गेलेल्या तरुणाचा गुडघा दुखतच राहिला, तर मृत दात्याची गादी बसवता येते. १९८४ साली जर्मनीत याची सुरुवात झाली. गादीचे माप जुळावे लागते. किडनीप्रमाणे जन्मभर औषधे लागत नाहीत. मात्र वय साधारण पन्नाशीच्या आत, पाय सरळ आणि सांधा फारसा न झिजलेला हवा. दादीच्या झिजलेल्या गुडघ्यावर हा इलाज नव्हे. नंतर काही आठवडे कुबड्या आणि कित्येक महिने व्यायाम असतो. उकिडवे बसणे, ओझे उचलणे बंद. कमावता एकटाच असेल तर घर कसे चालेल, हे आधी ठरवा.

दात्याची गादी जायज आहे का, असेही विचारले जाते. जेद्दाहच्या फिकह अकादमीने १९८८ मध्ये मृताचा अवयव घेण्यास काही अटींवर परवानगी दिली. काही उलमांचे मत वेगळे आहे. आपल्या आलिमांना विचारून घ्या. भारतात अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. २०११ च्या दुरुस्तीने ऊतीही त्या कायद्यात आल्या.

तोवर दुखरा गुडघा जबरदस्तीने वाकवू नका. उभे राहणे किंवा सजदा जमत नसेल त्याला बसून नमाज पढण्याची सवलत दीननेच दिली आहे. ती घेण्यात लाज कसली?