खाडीची खतावणी

जमाखर्च लिहिल्यावांचून संसार करणारा गृहस्थ श्रीमंत असो कीं गरीब, त्यास आपली खरी स्थिति कधींच कळत नाहीं. सृष्टीच्या व्यवहारासही हाच नियम लागू आहे. खाडींत कर्ब कोठून येतो व कोठें जातो याचा जो गणिती आराखडा शास्त्रज्ञ मांडतात, तो अशा खतावणीचाच एक प्रकार होय. हा विषय कोंकणवासीयांचा, पुणेकरांस त्याचें काय, असें कित्येक वाचक म्हणतील. म्हणून प्रथम त्यांचें समाधान करतों.

आपल्या मुळा नदीचें पाणी दोन वाटांनीं समुद्राकडे जातें. जें मुळशीच्या धरणाखालून पुण्यास येतें, तें मुठेस मिळून भीमा व कृष्णा यांच्या द्वारें बंगालच्या उपसागराची वाट धरतें. जें धरणांत अडतें, तें 1927 सालीं सुरू झालेल्या भिरा येथील वीजघरांतून घाटाखालीं उतरून कुंडलिका नदींत पडतें व रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीस जातें. मुळशीच्या रानांत गळलेल्या एका पानाचा कर्ब पूर्वसमुद्राकडेही जाऊं शकतो आणि पश्चिमसमुद्राकडेही. मग खाडी आपली नव्हे, असें पुणेकरानें कसें म्हणावें?

आतां खतावणीचीं पानें उघडूं. जमेच्या बाजूस नदीनें आणलेला पालापाचोळा व विरघळलेला कर्ब, भरतीबरोबर आलेला कर्ब, आणि कांदळांच्या झाडांनीं व सूक्ष्म पाणवनस्पतींनीं हवेंतून घेतलेला कर्ब. खर्चाच्या बाजूस जीवजंतूंनीं पानें कुजवून हवेस परत दिलेला कर्बाम्ल वायु, व ओहोटीनें समुद्रांत नेलेला कर्ब. शिल्लक मुख्यतः राहते ती चिखलांत. त्या चिखलांत प्राणवायु फारच थोडा असल्यामुळें कुजण्याची क्रिया मंदावते, आणि कर्ब शतकानुशतकें पुरलेला राहूं शकतो.

हा हिशेब तपासण्यास मिठाची साक्ष घेतात. मीठ कुजत नाहीं, कीं हवेंत उडून जात नाहीं. समुद्राच्या हजार भार पाण्यांत सुमारें 35 भार क्षार असतात. खाडीच्या पाण्यांत ते 14 भरले, तर त्यांत दोनपंचमांश पाणी समुद्राचें व तीनपंचमांश नदीचें, हें उघड आहे. समजा, नदीच्या पाण्यांत कर्बाचें प्रमाण 5 आहे व समुद्राच्या पाण्यांत 1. तर मिश्रणांत तें 3.4 असावयास हवें. प्रत्यक्षांत 2.4 च सांपडलें, तर उरलेला 1 भाग हवेंत, चिखलांत किंवा प्राण्यांच्या पोटांत गेला असला पाहिजे. कोणत्या वाटेनें किती गेला, हें मग एकेक मोजून ठरवावयाचें. आमच्या विद्यार्थ्यांस त्रैराशिक येतें, त्यांस याचें मर्म कळण्यास अडचण पडूं नये.

खाडी सदैव जमाच करते असेंही नाहीं. गोव्यांतील मांडवी व झुआरी यांच्या खाड्यांचें पाणी, विशेषतः पावसाळ्यांत, हवेस कर्बाम्ल वायु देतें, असें 2001 सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आढळून आलें. म्हणूनच मोघम स्तुति नको, हिशेब हवा.

येथेंच आमचें मुख्य म्हणणें येतें. सार्वजनिक हिताच्या कारणाखेरीज कांदळवनें तोडूं नयेत, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयानें 2018 सालीं दिला. त्याच न्यायालयानें 2022 सालीं मुंबई-अहमदाबाद वेगवान आगगाडीसाठीं 20,000 हून अधिक कांदळें तोडण्यास परवानगी दिली. पाचपट रोपें लावण्याचें आश्वासन त्या कामीं देण्यांत आलें होतें. आगगाडी नको असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु झाडास झाड मोजून फेड झाली असें मानणें म्हणजे मुद्दल विसरून केवळ व्याज मोजणें होय. मुद्दल चिखलांत आहे. तो उकरला गेला कीं त्यास प्राणवायु मिळतो, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची शिल्लक थोड्या वर्षांत हवेंत जाऊं लागते. कोंवळ्या रोपानें ती एकाएकीं भरून येत नाहीं. यास्तव झाडांच्या गणतीबरोबर खालच्या गाळाचाही हिशेब परवानगीपूर्वीं मांडला जावा, व तो सर्वांस पाहतां यावा.

असे आराखडे म्हणजे नुसते अंदाज, असा आक्षेप कोणी घेतील. अंदाज खरेच; पण कागदावर मांडलेला अंदाज चुकला तर उद्यां मोजमापानें सुधारतां येतो. न मांडलेला अंदाज मात्र कोणासच तपासतां येत नाहीं, आणि त्याची चूक पुढील पिढीच्या नांवें पडते.

विद्यार्थिमित्रहो, ती पुढील पिढी तुम्हीच आहां. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलें कोंकणांत सहलीस जातील तेव्हां त्यांस केवळ वाळू व लाटा दाखवूं नका. खाडीच्या कांठींही उभें करा. जो चिखल पाहून आपण नाक मुरडतों, त्यांत आपल्या डोंगरांतील पानांचाही ठेवा असूं शकेल, हें त्यांस सांगा. ठेव कोठें आहे हें ज्यास ठाऊक असतें, तोच ती राखतो.